चहा नावाचा मार्कर

आमच्या घरी दुधाची पिशवी आली की आई आधी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायची. त्यात तिला काय दिसायचं ते देव जाणे, पण "आज पातळ आहे" हा निकाल ठरलेला असायचा. भाजीवाल्याचा काटा, रिक्षाचा मीटर, वरच्या मजल्यावरच्या शहाकाकींनी पाठवलेला प्रसादाचा पेढा, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस, कशावर म्हणजे कशावर तिचा विश्वास नव्हता. पाहुणे जिना उतरेपर्यंत ती हसून हात हलवायची आणि दार लागलं की पहिली चमच्यांच्या डब्याकडे वळायची. बाबा म्हणायचे, "सुनंदा, तू पोलिसात असतीस तर आज मोठी साहेब झाली असतीस." त्यावर आई म्हणायची, "पोलिसांवर तरी कुणाचा विश्वास आहे?" आणि लाटणं उचलायची. मी तिचीच मुलगी, त्यामुळे मी सांगतेय म्हणून तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. पण हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही तेव्हा मिरा रोडला, बेव्हर्ली पार्कमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा अंधेरीला एका कंपनीत पाळीवर जायचे, म्हणून घर म्हणजे बहुतेक वेळ आई, मी आणि डबे. पोळीभाजीचे डबे. मला जाग यायची ती पोळपाटाच्या टकटकीने, त्यामागून कुकरची शिट्टी आणि खालून "अम्मी, चप्पल किधर है" म्हणून ओरडणारा कुणाचा तरी मुलगा. माझ्या कॉलेजच्या ओढणीलासुद्धा फोडणीचा वास यायचा. मी अत्तर, पावडर काय वाटेल ते मारलं तरी वर हिंगच. डबे न्यायला लोक दारातच यायचे. हॉस्पिटलातल्या दोन नर्सेस, भाड्याने राहणारी नोकरदार पोरं, बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा, ज्यांना भाजीत तिखट चालत नसे पण लोणचं मात्र दोन फोडी हवं असे. सगळे म्हणायचे, वहिनी, तुमच्या हाताला चव आहे. आईचा जगात एवढ्या एकाच वाक्यावर विश्वास होता. ती ते ऐकून पदराला हात पुसायची आणि उगाच गॅस बारीक करायची. त्या हिवाळ्यात मात्र तिने एक नवीन सवय लावून घेतली होती. डबा देताना उजव्या हातावर कायम एक फडकं टाकलेलं असे. मी रोज बघत होते, आणि मला काहीही दिसलं नव्हतं. घरच्या माणसाच्या हाताकडे कोण बघतं?

माझं सगळं लक्ष तेव्हा कागदावरच्या माणसांच्या हातांकडे होतं. बारावीच्या वर्गात माझ्या शेजारी झेबा बसायची, नया नगरची. तिच्या मोठ्या बहिणीने कधीकाळी हौसेने रबरी शिक्के जमवले होते आणि लग्न होऊन जाताना ते झेबाच्या हवाली केले होते. मोठ्या डोळ्यांच्या मुली, छत्री घेतलेली बाई, झोपाळ्यावरची मुलगी, ओंजळीत दिवा धरलेली नवरी. काळ्या शाईत शिक्का बुडवायचा, जाड गुळगुळीत कागदावर दाबायचा, की नुसत्या रेघांची बाई उभी राहायची. न रंगलेली, जिवंत न झालेली. रंग माझ्याकडे होते. माझा मामा जहाजावर होता, त्याने येताना स्पिरिटवाल्या मार्करचा एक मोठा संच आणला होता. दोन्ही टोकांना टोपणं, एका बाजूला ब्रशसारखं मऊ टोक. शिक्के तिचे, मार्कर माझे, आणि बसायची जागा आमची बाहेरची खोली, कारण झेबाच्या घरी माणसंच इतकी होती की कागद पसरायला सोय नव्हती.

साडी, केस, फुलं कुणीही रंगवेल. खरी गोम कातडीत. मी आधी एकच मार्कर घेऊन चेहरा भरून टाकायची आणि झेबा कपाळावर हात मारायची. "अरे अनु, ये चेहरा है कि दीवार?" तिचं म्हणणं, कातडी कधीच एका रंगाची नसते. आधी सगळ्यात फिकट रंग सगळीकडे फिरवायचा. तो ओला असतानाच मधला रंग केसांच्या खाली, नाकाच्या एका बाजूला, हनुवटीखाली लावायचा. मग गडद, अगदी थोडा, सावली पडते तिथे. मग परत फिकट घेऊन कडा मोडायच्या. ओला असताना रंग काळपट दिसतो, सुकला की उघडतो, म्हणून घाबरायचं नाही. पाणी लागलं तरी हा रंग हलत नाही, पण स्पिरिटला मात्र भितो. संचात एक बिनरंगाचा मार्कर होता, आत नुसतं स्पिरिट. चूक झाली की तो फिरवायचा. रंग कडेला पळतो, तिथे एक गडद रेघ जमते आणि मध्ये पांढुरका डाग उघडा पडतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला त्याचाच उपयोग झाला.

संचातले बहुतेक कातडीचे रंग गुलाबी, परदेशातल्या माणसांसाठी केलेले. आपल्या माणसांच्या कामाचे मोजकेच. त्यांच्या टोपणांवरचे आकडे आम्हाला लक्षात राहायचे नाहीत, म्हणून आम्ही नावं ठेवली होती. सगळ्यात फिकट ती साय, मग पोळी, मग चहा, मग गूळ, आणि शेवटी खारीक. झेबा रस्त्याने जातानाही माणसं वाचायची. बसच्या रांगेत माझ्या कानात म्हणायची, "वो अंकल देख, पोली के ऊपर गुड़." मी एकदा तिला विचारलं, माझा रंग कुठला. ती म्हणाली, "तू चाय. ज़्यादा उबली हुई." आम्ही इतक्या हसलो की रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. हसताना ती माझ्या आईचा रंगही सांगून गेली होती, "आंटी चाय नहीं है, चाय के नीचे मलाई है." मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

जानेवारीत झेबाला आणि मला आमंत्रणाच्या कार्डांची पहिली मोठी ऑर्डर मिळाली, खारीच्या पाटीलकाकूंची. खारीगावात त्यांचं पूर्वीपासूनचं घर. एके काळी त्यांची भातशेती आणि मिठागरं होती, आता चहूबाजूंनी टॉवर आणि मध्ये त्यांचा दोन मजली बंगला. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि हळदीच्या जेवणातल्या पुरणपोळ्या आईकडून घ्यायचं त्यांच्या मनात होतं. गावजेवणच म्हणा ना. एवढं मोठं काम आईला कधीच मिळालं नव्हतं. ती आठवडाभर नुसतं पुरण किती तास आधी वाटायचं याचाच हिशोब करत होती. त्याआधी संक्रांतीचं हळदीकुंकू, त्याची आमंत्रणं आम्ही करायची. करंडा धरलेल्या बाईचा शिक्का झेबाकडे होताच. काकू बघायला आल्या तेव्हा नेमकी झेबाने एका बाईवर खारीक फिरवली होती आणि ती अजून ओली होती.

"ही काली कशाला केलस गो?" काकू कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आमचे घरान काला कोन न्हाय."

"सूखने दो ना काकी, खुलेगा," झेबा म्हणाली.

"सुकून काय ती गोरी होनार हाय?" काकू हसल्या, पण पुढे वाकून त्यांनी बाकीच्या सगळ्या बाया एकेक करून तपासल्या. नजर तिखट. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, फडकं हातावर. ती आत आलीच नाही, मलाच म्हणाली, "अनू, घे गं हे."

दुसऱ्या दिवशी चहा सापडेना. म्हणजे चहा नावाचा मार्कर. सगळे रंग जागेवर, पोळी आणि गूळ यांच्यामध्ये एक बोटभर भोक. सोफ्याखाली, पलंगाखाली, कपड्यांच्या घड्यांत, बाबांच्या ऑफिसच्या बॅगेत, सगळीकडे शोधलं. चहाशिवाय आमचं पानही हलत नव्हतं. सगळ्या बायांचे गाल चहाचेच होते. आई स्वयंपाकघरातून माझी शोधाशोध बघत होती. मग तिने पोळी तव्यावर टाकत अगदी सहज विचारलं, "काल शेवटी कोण बसलं होतं गं इथे?" मी म्हटलं, आई, काहीतरीच काय. ती म्हणाली, "मी काही म्हटलं का? मी फक्त विचारलं."

उचलली जीभ लावली टाळ्याला असं माझ्या आईचं नव्हतं. ती आधी शंका पेरायची आणि पाणी घालायचं काम दुसऱ्यावर सोडायची. संध्याकाळी झेबा आली. आईने तिच्यापुढे चहा ठेवला आणि आपल्या मराठी चालीच्या हिंदीत म्हणाली, "झेबा, वो ब्राऊनवाला मार्कर तेरे बॅग में गया क्या? गलती से?" ते "गलती से" इतकं गोड होतं की मला घाम फुटला. झेबाने वर बघितलं. मला आजही ते स्पष्ट आठवतंय, तिने आईच्या चेहऱ्याकडे नाही बघितलं, कप ठेवणाऱ्या हाताकडे बघितलं. बराच वेळ. तिचा चेहरा उतरला, ओठ हलले आणि मिटले. मग ती म्हणाली, "नहीं आंटी." एवढंच.

"खाई त्याला खवखवे," आई मला मराठीत म्हणाली, जणू झेबाला मराठी कळतच नाही. जन्म मिरा रोडचा, शाळेत मराठीत माझ्यापेक्षा जास्त मार्क, आणि म्हणे कळत नाही! झेबाने चहा संपवला, कप स्वतः उचलून आत ठेवला, दप्तराची चेन आमच्या दोघींसमोर पूर्ण उघडली, एकेक वही बाहेर काढून परत भरली आणि निघाली. शिक्के टेबलावरच होते. मी धावत जिन्यापर्यंत गेले, म्हटलं, तुझे शिक्के. ती म्हणाली, "रहने दे. तुझे कार्ड पूरे करने हैं ना." दुसऱ्या दिवसापासून वर्गातही ती वेगळ्या बाकावर बसायला लागली.

त्यानंतरच्या दिवसांत आमच्या घरात संशयाला नुसता ऊत आला. झेबाने घेतला नाही याची मला खात्री होती, मग कुणी घेतला? मी शहाकाकींच्या नातवावर नजर ठेवली, तो आमच्याकडे क्रिकेटचा चेंडू मागायला यायचा. मी नर्सबाईंच्या पर्सकडे बघायला लागले. निवृत्त आजोबा डबा घेताना एकदा आत डोकावले तर मला वाटलं, हे म्हातारबुवा कशाला वाकताहेत? शेवटी माझं मलाच हसू आलं, की मीही दूध उजेडात धरून बघायला लागलेय. आई मात्र शांत झाली होती. तेच मला खटकायला हवं होतं. चमचा हरवला तर आठवडाभर घर डोक्यावर घेणारी बाई, एवढा महागाचा मार्कर गेला तर म्हणते, "जाऊ दे गं, वस्तूच ती." संशयी माणसाने अचानक संशय सोडला की समजावं, त्याला उत्तर ठाऊक आहे. पण हे शहाणपण आजचं. तेव्हा मी पोळी आणि गूळ एकमेकांत कालवून गाल रंगवत बसले होते आणि सगळ्या बाया तापातून उठल्यासारख्या दिसत होत्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी आईने जांभळी काठापदराची साडी नेसली, हातभर बांगड्या घातल्या. आम्ही रिक्षाने खारीला गेलो. पाटीलकाकूंचं अंगण बायकांनी फुललं होतं. मला कुमारिका म्हणून मदतीला घेतलं आणि हातात करंड्याचं ताट दिलं. दारातच काकूंची मोठी सून सगळ्यांचं स्वागत करत होती. आधी कुंकू, मग अत्तर, मग तिळगूळ आणि वाण. अत्तराचं तुम्हाला माहीत आहेच, बाई उजवा हात पालथा पुढे करते आणि यजमानीण तिच्या मनगटाखाली, बोटांच्या मुळाशी फाया फिरवते. पण सून नव्या वळणाची. फाया चिकट होतो, साड्यांना डाग पडतात म्हणून तिने अत्तराऐवजी परफ्युमची मोठी बाटली आणली होती. बायका हात पुढे करत होत्या आणि ती फुस्स फुस्स करत होती. सगळ्या अंगणात तोच वास, गोड आणि आत कुठेतरी इंजेक्शन देण्याआधीच्या कापसासारखा.

आईची पाळी आली. तिने सवयीने हात पुढे केला. सूनबाईंनी सढळ हाताने दोनदा दाबलं, आणि आईने, जसं अत्तर लावल्यावर प्रत्येक बाई करते तसं, डाव्या हाताने ते चोळलं.

मी हाताच्या अंतरावर उभी होते. आईच्या अंगठ्याच्या मुळाशी, बोटांकडे जाणाऱ्या भागावर रंग हलला. हो, हललाच. कडेला पळाला, तिथे गडद तपकिरी रेघ जमली आणि मध्ये पांढरा डाग उघडा पडला, सुपारीएवढा. हे मी कागदावर शंभरदा केलं होतं. मला एका क्षणात सगळं कळलं. मार्कर कुणी घेतला, फडकं कशासाठी होतं, झेबा त्या दिवशी काय बघत होती. आईने खाली बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला की तो मला कधीच रंगवता येणार नाही. पाटीलकाकू दोन पावलांवर होत्या. त्या वळल्या. "काय झालं गो सुनंदा?"

मी ताट सोडलं. मुद्दाम. हळदीचा आणि कुंकवाचा करंडा दोन्ही आईच्या हातावर उपडे झाले, साडीवर, फरशीवर, सुनेच्या पायावर, सगळीकडे लाल-पिवळं. "अगोबाई!" असा एकच गलका झाला. लग्नघरात कुंकू सांडलं! कुणी म्हणालं पाणी आणा, कुणी म्हणालं पाणी नको, आधी उचलून घ्या, पाय लागू देऊ नका. कुणी मला वेंधळी म्हटलं, कुणी दृष्ट लागली म्हटलं. काकू खाली वाकल्या, कुंकू पदरात भरायला लागल्या, आणि भरता भरता त्यांनी एकदा आईच्या हाताकडे बघितलं. हळदीने माखलेल्या हाताकडे की हळदीखाली, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

घरी आल्यावर आई थेट सिंककडे गेली आणि नळ सोडला. हळद गेली, कुंकू गेलं, तपकिरी कडा राहिली आणि मधला पांढरा डाग. ती त्याच्याकडे परक्याकडे बघावं तसं बघत होती. मी विचारलं, कधीपासून. "दिवाळीपासून," ती म्हणाली. "आधी तिळाएवढा होता. पावडर लावली, क्रीम लावलं, कणीक मळली की सगळं निघून जायचं. तुझा मार्कर एकदा चुकून बोटाला लागला, तो चार दिवस निघाला नाही. तेव्हा सुचलं." मी म्हटलं, बाबांना माहीत आहे? म्हणाली, "आहे. त्यांनीच सांगितलं, कुणाकडे बोलू नकोस." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोड आलेल्या बाईच्या हातची पोळी कोण खाईल अनू?"

मला तिची दया आली. आणि राग आला, आणि खरं सांगायचं तर राग जास्त आला. मी ओरडले, "आणि झेबा? तिचं काय? तिला चोर ठरवलंस तू, आई!" ती नळ बंद करत म्हणाली, "तू शोधत सुटली होतीस. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागणार होतं." माझ्या आईने संशयात कधी भेदभाव केला नव्हता, ते श्रेय तिला द्यायला हवं. पण नाव घ्यायची वेळ आली की माणसाला लांबचंच नाव सापडतं. रव्याच्या डब्यातून तिने मार्कर काढून ओट्यावर ठेवला. टोक पार सुकून गेलं होतं.

दोन दिवसांनी पाटीलकाकूंचा फोन आला. सूनबाई म्हणते हॉटेलातूनच मागवू, सगळं एकाच ठिकाणचं बरं पडतं. आई "हो हो, काही हरकत नाही" म्हणाली आणि फोन ठेवून नमुन्याच्या पोळ्यांसाठी भिजवलेली डाळ बघत बसली. कुंकू सांडलं म्हणून, की हात दिसला म्हणून, की खरंच हॉटेल बरं पडतं म्हणून? आईने त्या तिन्ही शंका वर्षानुवर्षं आलटून पालटून वापरल्या. माझं मत मी सांगत नाही, कारण मला ते नाहीच.

त्याच संध्याकाळी मी झेबाचे शिक्के पिशवीत घालून नया नगरला गेले. तिची अम्मी दारातच म्हणाली, "आ गई? इतने दिन से मुँह फुलाके बैठी है तेरी सहेली." झेबा गच्चीवर कपडे काढत होती. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "आंटी का निकल गया क्या रंग?"

"तुला माहीत होतं?"

"चाय अकेला लगाया था आंटी ने," ती म्हणाली. "नीचे मलाई लगानी पड़ती है पहले. दीवार जैसा दिख रहा था."

मी कठड्याला टेकून रडले. म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तुला चोर म्हणत होती ती, तोंडावर! झेबा एका चादरीची घडी घालत होती, ती तिने छातीशी धरली. "मैं बोलती तो आंटी के डिब्बे बंद हो जाते ना," ती म्हणाली. मग जरा चिडून, "और तू भी ना अनु, अपनी माँ का हाथ नहीं देखती?"

मी घरी येऊन हे आईला जसंच्या तसं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न होता, "मग कुणाकुणाला सांगितलंय तिने?" कुणालाच नाही, मी म्हटलं. "असं कसं? घरी तरी सांगितलंच असेल." नाही सांगितलं. आई खुर्चीत बसली. एखादं माणूस काही न मिळवता गप्प बसू शकतं, हे तिच्या हिशोबात कुठेच बसेना. रात्रीच्या जेवणात तिने दोनदा विचारलं, नक्की नाही ना? आणि सकाळी म्हणाली, "बोलाव तिला." माफी मागायला नव्हे, मला ठाऊक होतं. तिला तोंड बघायचं होतं.

झेबा आली तेव्हा दुपारचे डबे गेले होते. आईने दार लावून घेतलं आणि उजवा हात टेबलावर ठेवला, फडक्याशिवाय. झेबाने माझा संच उघडला, खाली वही ठेवली आणि आईचं मनगट धरलं. "आंटी, हिलना नहीं." आधी साय. मग पोळी, डागाच्या कडेने. चहा सुकलेला होता, म्हणून गुळाचं टोक नुसतं टेकवून परत पोळीने मोडलं. हाताच्या शिरा जिथून जातात तिथे तिने हलकी सावली दिली, सुरकुत्यांपाशी रंग थोडा विरळ सोडला. माझ्या आईचा हात एवढा वेळ कुणी धरलेला मी कधी पाहिला नव्हता. झेबाने फुंकर मारली. सुकलं, उघडलं, आणि डाग दिसेना. नव्हताच जणू.

आई उठली आणि खिडकीपाशी गेली. हात उजेडात धरला, इकडून, तिकडून, दुधाची पिशवी धरावी तसा. खोट सापडेना. तिचे डोळे भरून आले आणि ती रागावल्यासारखी म्हणाली, "एवढं छान झालंय की भीती वाटते. हे रोज कोण करणार? आणि कुठल्या सणाला कोण काय फवारेल, मी किती जणींकडे लक्ष ठेवू?" मग तिने टेबलावरचा बिनरंगाचा मार्कर उचलला आणि स्वतःच, आमच्यादेखत, सगळं पुसून टाकलं.

आज तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत एकाच रंगाचे आहेत, पांढरे. कातडीच्या डॉक्टरांनी त्या मार्करवरून तिला असा काही दम भरला होता की त्यानंतर ती पेनानेसुद्धा हातावर फोन नंबर लिहीत नाही. डबे काही दिवस कमी झाले. आजोबा यायचे थांबले. नर्सबाई थांबल्या नाहीत, उलट त्यांनी आणखी दोघींना आणलं. हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तिने फक्त हात धुतला, कणकेवरचं झाकण काढलं आणि तवा चढवला. झेबाला म्हणाली, बैस. पोळी लाटली, भाजली, तूप सोडलं आणि त्याच उघड्या हाताने झेबाच्या ताटात वाढली. मग समोर उभी राहिली. हाताची घडी घालून, एक डोळा बारीक करून. झेबाने तुकडा मोडला. आई बघत होती. घास तोंडात गेला, चावला, गिळला, आई बघत होती. शेवटच्या तुकड्याने पुसून ताट स्वच्छ होईपर्यंत तिने पापणी हलवली नाही.

"और एक?" आईने विचारलं. आवाज अजून चौकशीचाच.

"दो," झेबा म्हणाली. "और घी कम मत डालना, आंटी, मैं देख रही हूँ."